विसावा डाव

"पुन्हा तेच!" पत्ते गोळा करता करता जोलीननं नवऱ्याकडे रागानं पाहिलं. "एरलिंग, डोकं कुठे ठेवून आलायस?"

टेबलाखाली एरलिंगचा पाय सारखा हलत होता. समोर बसलेल्या बहिणीनं, सिग्नेनं, चौदाव्या डावाच्या चकत्या आपल्याकडे ओढल्या.

वीस डाव खेळायचे, आणि शेवटी ज्याच्याकडे चकत्या जास्त त्याची 'मार्गिट' बोट. भावंडांचा बाप, म्हातारा हल्वर, जानेवारीत गेला, तो तसं लिहून ठेवूनच. मासेमारीची बोट एक, पोरं दोन. खेळही त्यानंच शिकवलेला. हातात चार पत्ते, टेबलावर पाच उघडे, हातातले दोन नि टेबलावरचे तीन जुळवायचे, आणि चकत्यांच्या ढिगाचे दोन वाटे: अर्धा सगळ्यांत भारी पानांना, अर्धा सगळ्यांत हलक्या पानांना.

"पत्त्याची वाट बघायची तर तो आल्यावर दोन्ही वाटे आपले झाले पाहिजेत," म्हातारा सांगायचा. "दुसऱ्या नंबरच्या पानांसाठी थांबलात, तर हवा तो पत्ता येऊनही मार खाल."

सिग्ने तशीच खेळत होती. एरलिंग मात्र मिळेल त्याच्या मागे धावत होता. दोनदा तो उठून खिडकीशी गेला, बंदराकडे बघत राहिला, कॉफी ओतून घेतली आणि न पिताच परत येऊन बसला.

"बरं नाही का तुला?" सिग्नेनं विचारलं.

"वाट तू. बोलत नको बसूस."

"मी कुठे वाटतेय? तुझी बायको वाटतेय."

सिग्नेनं त्याच्या न प्यायलेल्या कॉफीकडे पाहिलं. किती घायकुतीला आलाय हा! बोट तिलाही हवी होती. बावीस हंगाम तिनं बापाबरोबर जाळी ओढली होती. पण एरलिंगला दोन मुली. आणि पीटर्सबर्गसारख्या मासेमारीच्या गावात, धक्क्यावर, बापाची बोट बहिणीकडे गेलेल्या माणसाला लोक सुखानं जगू देणार होते थोडेच!

विसावा डाव. सिग्नेच्या हातात बदामाचा एक्का आणि राजा, शिवाय दुर्री, तिर्री. टेबलावर पहिले तीन पत्ते उघडले: बदामाची चौकी, बदामाची सत्ती, इस्पिकची राणी. अजून एक बदाम आला तर भारी वाटा तिचा, एक हलकं पान आलं तर हलकाही तिचाच.

"सगळ्या," एरलिंग म्हणाला आणि उरलेल्या चकत्या त्यानं पुढे ढकलल्या. आता हा ढीग ज्याचा, बोटही त्याचीच.

"अरे, विचार तरी कर!" जोलीन ओरडली.

सिग्नेनं मुकाट्यानं तेवढ्याच चकत्या पुढे केल्या. जोलीननं पत्ता उलटला. किलवरची अठ्ठी. मग शेवटचा. बदामाचा गुलाम.

एरलिंगनं आपली पानं उताणी टाकली. बदामाची दश्शी नि नव्वी, छक्की, तिर्री. कलर होता, पण बारका. हलकी पानं होती, पण तिच्याहून वरची. दोन्ही वाटे सिग्नेचे होते.

"दाखव," तो म्हणाला. त्याचे डोळे तिच्यावर खिळले होते. असे आर्जवी डोळे तिनं त्याच्या लहानपणानंतर पाहिले नव्हते.

सिग्नेनं आपले चार पत्ते पालथेच गड्डीत सरकवले.

"नाही जमलं माझं. बोट तुझी झाली," ती म्हणाली. उठून तिनं भावाच्या खांद्यावर थोपटलं, कोट उचलला, आणि रडू फुटायच्या आत बाहेर पडली.

दार लागलं तशी जोलीननं हसत नवऱ्याच्या गळ्यात हात टाकले. त्यानं ते हळूच सोडवले.

"अरे, जिंकलास ना! काय झालं?"

"वीसच्या वीस डाव हरायलाच खेळलो गं मी," एरलिंग म्हणाला. "त्या पाण्यात पुन्हा पाऊल टाकायची हिंमत नाही राहिली माझ्यात."