शेन बाईंचा बांध

शेन बाईंच्या पत्राला मोरेश्वररावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. प्राचीन चीनच्या राजवटींवरच्या एका संगणक खेळाचे नियम त्यांनी हौसेनं नव्यानं रचले होते. हल्ली अशा खेळांतली माणसं स्वतः विचार करायची आणि नियम रचणाऱ्याला पत्रं लिहायची. शेन बाई त्या खेळातल्या नदीच्या अधिकारी होत्या.

'पूर आला, पण आम्ही बांध राखला,' त्यांनी लिहिलं होतं. 'एकही माणूस दगावला नाही. तरी राजावरची स्वर्गाची कृपा घटली. पुढच्या पुराला राज्यच बुडेल. आमचं काय चुकलं?'

पूर म्हणजे राजावर स्वर्गाची नाराजी, म्हणून पूर आला की कृपा घटायची आणि ती संपली की राज्य जायचं, असाच नियम होता. पुस्तकांत तसं होतं, म्हणून मोरेश्वररावांनी तो तसाच ठेवला होता.

"मी कोण उत्तर देणारा? चीन मी वाचनालयाबाहेर पाहिलेला नाही," ते म्हणाले.

"त्या बाईनं तरी तुम्हाला कुठे पाहिलंय?" त्यांच्या पत्नी सुमतीबाई मेथी निवडत म्हणाल्या. "भाजीवाल्याशी बोलायलासुद्धा तुम्ही मलाच पुढे करता. इथे मी नाही येणार, अहो."

मोरेश्वरराव हसले आणि नियम बदलायला बसले. पुरात माणसं वाचवणाऱ्या राजावरची कृपा आता वाढणार होती. मग त्यांनी लिहिलं, 'शेन बाई, तुमचं काही चुकलं नाही. राज्य टिकेल. तुम्ही राखलेला बांध स्वर्गाला दिसला आहे.'

स्वर्गाच्या वतीनं बोलायचं त्यांना धाडस होईना. 'स्वर्गाला' खोडून त्यांनी तिथे 'मला' लिहिलं, खाली सही केली आणि पत्र धाडलं.