डोंगरापलीकडून

म्हाताऱ्याचे गुडघे कामातून गेले म्हणून कळप खाटकाला विकला, तेव्हापासून म्हातारीचा पाय घरात ठरत नव्हता. "अगं, बस जरा," म्हातारा म्हणायचा. ती टेकायची, की लगेच उठून रिकामा मेंढवाडा बघून यायची. एका सकाळी मेंढवाड्याच्या फाटकाशी तिची थोरली मेंढी उभी होती. खाटकाच्या गोठ्यातून निसटून, अख्खा बर्फाळ डोंगर ओलांडून आली होती. म्हातारी तिच्या दाट लोकरीत अडकलेली कुसळं वेचायला बसली, तोच खाटकाचा फोन आला. "काकू, एक मेंढी पळाली. तिकडे आलीय का?" "नाही बाबा," म्हातारी म्हणाली. तेवढ्यात मेंढी मोठ्यानं ओरडली. "हा आवाज कुणाचा?" खाटकानं विचारलं. "काका खोकताहेत." खाटीक म्हणाला, "जपा त्यांना. या वयात डोंगर चढू देऊ नका."