पारूचा पी

त्र्याण्णव साली बोईसरजवळच्या एका शाळेत कॉम्प्युटर आला. मंगलाबाईंनी सातवीतल्या पारूला त्याच्यासमोर बसवलं. तिने भीतभीत एक बटण दाबलं आणि ती ओरडलीच, "बाई, बगा, माज्या नावाचा पी आला!"

तोच मुख्याध्यापकांनी तिला दंडाला धरून उठवलं. "पाड्यावरच्या पोरांनी या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. मशीनची वाट लावतील."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीही याच शाळेत शिकते, सर!"

"वाद नको," म्हणत सरांनी एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.


"त्यापेक्षा पाड्यावरच्या सगळ्या पोरांची यादी करून द्या. दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी अर्ज करायचाय. हाही त्यांच्याच नावावर मिळालाय."