समासातला प्रश्न

छापखान्यात खुर्च्या मांडून झाल्या तरी ती भाषणाचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. चार वाजता बाबांची शोकसभा होती. एकतीस वर्षं त्यांनी इथं मुद्रितं तपासली. कामगार त्यांना ‘भिंग’ म्हणत. भिंगाच्या नजरेतून एक वेळ हत्ती सुटेल, पण वेलांटी सुटायची नाही, अशी त्यांची ख्याती.

कागदावर सगळं रीतसर होतं. एका वाक्यापाशी मात्र तिची पेन्सिल अडत होती. ‘आई गेली तेव्हा बाबा रडले नाहीत.’

खरंच होतं ते. आई संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं असताना बाबांनी दाढी केली, बुटांना पॉलिश केलं आणि साडेनऊला ते कामावर गेले. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. “माणसाला काळीज आहे की छापखान्यातला शिशाचा खिळा?” मावशी म्हणाली होती. मावशीचं ते वाक्य ती कधी विसरली नाही.

पुढे ती साहित्य शिकवू लागली, आणि ज्यूंच्या जुन्या इब्री धर्मग्रंथातल्या एका संदेष्ट्याची गोष्ट तिच्या हाती आली. देव त्याला सांगतो, तुझ्या डोळ्यांना जी सर्वांत प्रिय, तिला मी एका फटक्यात नेणार. तू रडायचं नाहीस. फेटा बांध, पायात जोडे घाल. सकाळी तो लोकांशी बोलला. संध्याकाळी त्याची बायको गेली. दुसऱ्या सकाळी त्यानं सांगितल्यासारखं केलं. गोष्ट एवढीच. वर्गात ती दरवर्षी म्हणायची, “यानं देवाला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. आज्ञाधारक माणसं दगडाची असतात.”

“वाचणार आहेस की बोलणार?” म्हातारा फोरमन शेजारी येऊन बसला. तो तिला ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ओळखत होता.

“वाचणार, काका. बोलायला लागले तर घसरेन.”

“वाच. पण चूक ठेवू नकोस हं. भिंग बघतंय.” तो हसला, आणि हातातलं पाकीट त्यानं तिच्यापुढे केलं. “हे तुझ्यासाठी. पुस्तक छापून झालं की मुद्रितं रद्दीत जातात. हे एक पान मी जाऊ दिलं नाही.”

कागद पिवळा पडला होता. कोपऱ्यात बाबांची सही आणि तारीख. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. पान कुणा प्राध्यापकाच्या पुस्तकातलं होतं, आणि गोष्ट त्या संदेष्ट्याचीच होती.

“मी म्हटलं, भिंगराव, आज राहू द्या, दुसरं कुणी तरी बघेल,” फोरमन म्हणाला. “तर म्हणाले, दुसऱ्याच्या नजरेतून काही सुटलं तर?”

बाबांचा नियम तिला ठाऊक होता. लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही. शंका आली तरच समासात विचारायचं.

‘तू रडायचं नाहीस’ या ओळीखाली लाल रेघ होती. समासात बाबांचं बारीक अक्षर: ‘मूळ ग्रंथात असंच आहे का? कृपया पुन्हा पाहावे.’

त्याखाली लेखकाची निळी शाई: ‘होय. असंच आहे.’

त्याखाली पुन्हा लाल: ‘ठीक. तसंच ठेवतो.’

“अख्ख्या पुस्तकात त्यांनी लेखकाला हा एवढाच प्रश्न विचारला,” फोरमन म्हणाला. “आणि मूळ ग्रंथाची मराठी प्रत त्यांच्याच टेबलावर उघडी होती.”

पलीकडे कुणी तरी माइक ठोकून पाहिला. फोरमन उठून पुढच्या रांगेत गेला. तिनं भाषणाचा कागद मांडीवर सरळ केला. अडलेल्या वाक्याखाली तिनं एक रेघ ओढली, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं:

‘असंच आहे का? कृपया पुन्हा पाहावे.’