यांपैकी जे आधी होईल ते

"काका, तुमची वॉरंटी गेल्या महिन्यातच संपली," सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली.

काका हसले. पोरीची चूक सापडली, याचा त्यांना आनंदच झाला. छापखान्यात प्रुफं तपासण्यात, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्यात, त्यांचा उभा जन्म गेला होता. गल्लीत सगळे त्यांना प्रूफकाका म्हणत आणि त्यांच्याशी जरा जपूनच बोलत.

"संपेल कशी? एक लाख किलोमीटर लिहिलंय. काटा बघा, अजून नऊ हजारसुद्धा झाले नाहीत."

ते होऊ नयेत म्हणून त्यांनी काय काय केलं होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. शेजारच्या डॉक्टरांची वर्षभर वापरलेली गाडी त्यांनी विकत घेतली आणि बाजारात मात्र पायीच जात राहिले. दवाखान्यात बसने. रविवारी गाडी पुसायची, सुरू करायची, पंधरा मिनिटं आत बसून राहायचं आणि बंद करायची. किलोमीटर राखून ठेवायचे होते ते लेकीसाठी. ती तीनशे किलोमीटरवर राहायची. अलीकडे फोनवर "जेवलात का?" आणि "जेवलो" याच्या पुढे बोलणं सरकत नव्हतं. पण ती कधीतरी बोलावेल, मग जायचं, आणि एकदा गेलं की जात राहायचं, असा त्यांचा बेत होता. वाटेत गाडी बंद पडली तर हाकेला धावून येणारं त्यांना कोणी नव्हतं. वॉरंटी असेपर्यंत कंपनी येईल, एवढाच काय तो आधार. आणि न बोलावता लेकीच्या दारात उभं राहायचं, तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

"शिवाय गाडी घेऊन मला दोनच वर्षं झालीत," त्यांनी ठणकावलं. "वॉरंटी तीन वर्षांची."

"वर्षं पहिल्या मालकापासून मोजतात, काका. जुनी गाडी घेतली की उरलेली वॉरंटी मिळते, नव्याने सुरू होत नाही. आणि वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी होईल ते. तुमची वर्षं आधी झाली. हा स्टिअरिंगचा बिघाड कंपनीचाच आहे, पण आता आम्हाला काही करता येणार नाही."

"दाखवा, कुठे लिहिलंय ते." काकांनी आपली पुस्तिका तिच्यापुढे टाकली.

मुलीने पुस्तिका उघडली आणि पाहतच राहिली. पानोपानी लाल शाईच्या खुणा होत्या. पान उलटता उलटता तिचं बोट एका ओळीवर थांबलं. ओळ होती, 'तीन वर्षे किंवा एक लाख किलोमिटर, यापैकी जे आधी होइल ते.' 'मिटर'चं 'मीटर' केलेलं, 'यापैकी'वर अनुस्वार दिलेला, 'होइल'ची ई दीर्घ केलेली.

"काका, ही ओळ तर तुम्हीच दुरुस्त केलीय!" तिला हसू फुटलं. मग त्यांचा चेहरा बघून तिने ते आवरलं.

प्रूफ वाचताना मजकुराच्या अर्थात गुंतायचं नाही, गुंतलं की चूक निसटते, असं ते हाताखालच्या माणसांना चाळीस वर्षं सांगत आले होते. ओळ त्यांनी अक्षर न् अक्षर तपासली होती. ती काय म्हणते, तेवढं वाचायचं राहून गेलं होतं. काकांना स्वतःची लाज वाटली.

करकरणारं स्टिअरिंग तसंच फिरवत ते घरी आले. कपडेही न बदलता त्यांनी कपाटातून लेकीचं पत्र काढलं. गाडी घेतली त्या महिन्यात तिने स्वेटरच्या पार्सलमधून पाठवलेलं, एकच पान. त्यावरही लाल शाई होती. "पत्रात अकरा चुका निघाल्या तुझ्या," असं त्यांनी तेव्हा तिला फोनवर सांगितलं होतं, आणि तेही कौतुकाने. त्यानंतर तिचं पत्र आलं नाही.

काका खिडकीपाशी बसले. आज पेन हातात घेतलं नाही. चष्मा पुसून एकेक ओळ सावकाश, अर्थ लावत वाचत गेले आणि शेवटच्या ओळीवर येऊन थांबले. तिथे त्यांनी 'पहात'चं 'पाहत' केलं होतं आणि 'रहायला'चं 'राहायला'.

"बाबा, मी बोलावण्याची वाट पहात बसू नका, सरळ रहायलाच या, मला इथे एकटीला करमत नाही."