बेंदराचा दुसरा बैल

दुसरीतला अर्णव आणि शेजारचा अरीब दरवर्षी बेंदराला, बैलांच्या सणाला, मातीचा एकेक बैल करायचे आणि पाटावर त्यांची जोडी बसायची. यंदा मामानं अर्णवला गंगावेशीच्या बाजारातनं रंगवलेली जोडीच आणून दिली. तेवढ्यात अरीब आपला ओला बैल तळहातावर सांभाळत धावत आला. “तुझा नको आता! शिंगं बघ की त्याची, कानागत लोंबत्यात!” अर्णव ओरडला आणि त्याच्या दहावीतल्या ताईला, श्यामलाला, असं हसू फुटलं की हातातलं पूजेचं ताटच डुगडुगलं. अरीब बैल घेऊन मागं फिरला. पूजा झाली तरी तिला पाठमोरा अरीबच दिसत राहिला. पुरणपोळी घेऊन ती शेजारी गेली. “बैल आण रे, आमच्या पाटावर ठेवू.” उंबऱ्यावर बसलेल्या अरीबनं मूठ उघडली. आत मातीचा गोळा होता. “मीच मोडला, ताई. आता तूच कर, तुला हसू येणार न्हाय असा.”