आतली कडी

"आतून कडी कशाला हवी?" दादा म्हणाला. "पळून जायला?"

अवकाशात राहायचं घर दादाने बांधलं होतं. म्हणजे कागदावर त्याने, बाकी सगळं इतरांनी. हवा आतलीच, पाणी आतलंच, भाजी आतच पिकणार. बाहेरून काडीसुद्धा येणार नाही. तूर्तास ते जमिनीवर, एका शेडमध्येच उभं होतं. आज त्याच्या धाकट्या बहिणीला वर्षभरासाठी त्यात बंद करायचं होतं. आतली रोपं तिने वाढवलेली, म्हणून हा मान तिचा.

"आत माझा जीव घाबरला, मी पडले-झडले, तर?"

"काचेवर टकटक कर. बाहेर माणूस असेल."

"तो जेवायला गेला असेल तर?"

"लहानपणापासून हिचं हेच रडगाणं," दादा समारंभाला आलेल्या पाहुण्यांना म्हणाला. पाहुणे हसले, ते चहापासून हसतच होते. "कडी दिली की ही दुसऱ्याच दिवशी बाहेर येऊन आइस्क्रीम खाईल. अहो, आत काय कमी आहे? मी तर आत्ता राहीन!"

"मग साहेब, आतला एक फोटो होऊन जाऊ दे," फोटोवाला म्हणाला. "दार लावून."

केसांवरून हात फिरवत दादा आत गेला आणि पालकाच्या वाफ्याशी ऐटीत उभा राहिला. बहिणीने दार लावलं. फोटो निघाला. दादाने हातानेच खूण केली, उघड. बहीण चहाचा कप घेऊन खुर्चीत बसली.

त्याने पुन्हा खूण केली. मग टकटक केली. मग दोन्ही तळव्यांनी काच बडवली. काच जाड, बाहेर काही म्हणजे काही ऐकू येईना, नुसता वासलेला जबडा दिसत होता. तिचा चहा अर्धाही झाला नव्हता, तोवर त्या शहाण्याने पालकाचा ट्रे उचलून काचेवर हाणला. तेव्हा कुठे ती उठली आणि तिने दार उघडलं.

दादा घामाने निथळत बाहेर आला. "तो फोटो पुसून टाक," हे त्याचं पहिलं वाक्य.

फिटर पाना घेऊन पुढे झाला. "साहेब, आतून कडी बसवू ना?"

"पडदा लाव," दादा धापा टाकत म्हणाला. "काचेवर. बाहेरच्या बाजूने."

आता पाहुण्यांपैकी कुणी हसलं नाही. बहिणीने खाली सांडलेली रोपं गोळा केली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि आपली बॅग उचलली.

"वहिनीला फोन करते," ती म्हणाली. "दादाचे कपडे भरून ठेव म्हणावं. वर्षभराचे."